नात्सुमी हरली की येते

फाटकाशी रिक्षा उभी होती. हातावर दही ठेवता ठेवता आईनं विचारलं, "आता कधी?" मी म्हणाले, "नात्सुमी हरली की येते."

"असं अभद्र बोलू नाय, माय. ते बी कुणाचं तरी लेकरूच हाय."

नात्सुमी जपानची टेनिसपटू, मी तिची फिजिओथेरपिस्ट. ओसाकाला शिकायला गेले आणि तिचे दुखरे गुडघे सांभाळत देशोदेशी फिरत राहिले. टेनिसमध्ये हरलं की सुटका, जिंकलं की मुक्काम वाढला. आमच्या गावी, पडेगावात बसून आईनं हे बरोबर हेरलं होतं. मोबाइलवर स्कोअर बघायची आणि नात्सुमी एक सेट मागं पडली की पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालायची. मी मात्र बहुतेकदा तिथूनच पुढच्या स्पर्धेला जायचे. मग भाऊ दोन दिवस डाळ खायचा आणि फोनवर माझा उद्धार करायचा. मी आणि नात्सुमी पोट धरून हसायचो.

मग नात्सुमी पहिल्यांदाच एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली. आदल्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "लई कष्ट केलेत पोरीनं. जिंकू दे तिला. मी बरी हाय." आवाज खोल गेला होता. मला वाटलं, रेंज नसेल. पहिला सेट हरून नात्सुमी जिंकली, म्हणून मी थांबले. अंतिम सामना ती हरली. मी विमानतळावर असतानाच आई गेल्याचा फोन आला.

आजारपण मला कळवायचं नाही, अशी आईनं भावाला शपथ घातली होती. तेराव्यानंतर तो बोलला. "पहिला सेट गेला, तशी मला म्हणली, डाळ भिजत घाल. मंग ती जिंकली. तर म्हणली, काढ पाण्यातून. अन् भिंतीकडं तोंड करून निजली."

पुढं गुडघ्यांनी हात टेकले आणि नात्सुमी निवृत्त झाली. शेवटच्या सामन्यानंतर तिनं कोर्टाला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आता कायमची हरले. जा तू घरी." दोघीही रडलो. आता ती समुद्राकाठच्या तिच्या गावात पोरांना शिकवते.

मी हवं तेव्हा पडेगावला येते. वहिनी पुरणपोळ्या करते, चांगल्या होतात. पण बाहेर सगळे आपल्या जिंकण्याकडे डोळे लावून असतात. आपण हरून यावं म्हणून डाळ भिजत घालणारं माणूस जिथं होतं, तेच माझं घर होतं. माझ्यासारखं घर सोडलेल्यांनो, तुमच्याकडे कुणी अजून डाळ भिजत घालत असेल, तर जिंकत असतानाच निघा.