राज्यशास्त्राचा दुसरा पेपर

चंद्रभान बी.ए.ले नापास झाला, हे अर्ध्या नागपुराले माहीत आहे. काहून झाला हे मात्र कोणाले माहीत नाही, अन् सांगतलं तर कोणी ऐकून घेत नाही. म्हणून मी सांगून राहिलो. मी त्याच्याच टीममध्ये होतो. मी बुटका, म्हणून चेंडू पुढं न्याचं काम माह्याकडे. तो ताडमाड, म्हणून रिंगखाली उभं राहाचं काम त्याच्याकडे. काटोलकडच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोट्टा. दारातून येता-जाता मान लववाची सवय, त्यानं लोकायले वाटे पोरगा भारी नम्र आहे.

आमचं कॉलेज धरमपेठेच्या अंगाले. संस्थेचे अध्यक्ष चंपतराव. त्यायचा शिक्षणाशी संबंध उद्घाटनापुरता. पण बास्केटबॉलची ढाल आली की मैदानावर मांडव पडे, मांडवात मंत्री येत, अन् मंत्र्याच्या सोफ्याले लागून चंपतरावांचा सोफा राहे. ढाल येत होती चंद्रभानच्या उंचीवर. अन् तो बी.ए. पास झाला असता, तर आमच्या कॉलेजात त्यापुढचा वर्गच नव्हता. मग खेळणार कोण?

यावर कॉलेजानं इलाज काढला होता. चांगल्या खेळाडूनं शेवटल्या वर्षी एक पेपर कोरा ठेवाचा. म्हणजे नापास, म्हणजे पुन्हा प्रवेश, म्हणजे पुन्हा ढाल. याले आमच्याकडे नापास होणं म्हणतच नव्हते. 'थांबणं' म्हणत. "यंदा आपला चंद्रभान थांबला बरं का," असं प्रोफेसर लोक कौतुकानं एकमेकांले सांगत. निरोप आणत खुद्द प्राचार्य गोपाळराव. ते राज्यशास्त्र शिकवत, लोकशाहीवर बोलाले लागले की त्यायचा गळा दाटून ये. म्हणून कोरा ठेवाचा पेपरही राज्यशास्त्राचा दुसराच ठरलेला. घरचा विषय, बोभाटा नको.

असा तो दोनदा थांबला, अन् दोन्ही वेळा खुशीनं थांबला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न आडवं आलं. प्रताप नगरातल्या विश्वनाथ गुरुजींची शामला आमच्याच कॉलेजात होती. त्याच्या मागच्या वर्गात आली, अन् त्याच्या डोळ्यादेखत बी.ए. होऊन निघूनही गेली. दोघायचं मन एकमेकावर होतं. गुरुजी शाळेत शिकवणारे, तोंडानं फटकळ, पण जातीपातीचं अन् शेतीवाडीचं काही काढलं नाही त्या माणसानं. अट एकच घातली, बी.ए. हो अन् पोरगी घेऊन जा. चंद्रभाननं त्यांच्या देव्हाऱ्यापुढं शब्द दिला, की यंदा पेपर कोरा ठेवणार नाही.

अन् शब्द पाळला बापा त्यानं! गोपाळराव निरोप घेऊन आले तेव्हा नुसती मान डोलवली, अन् परीक्षेत जाऊन सारा पेपर लिहिला. पुरवण्या मागून मागून लिहिला. बाहेर आला तेव्हा सदऱ्याच्या बाहीले शाई होती अन् चेहरा नवरदेवासारखा. निकाल लागला त्या दिवशी आम्ही सायकलीनं युनिव्हर्सिटीत गेलो. बोर्डावर पाहिलं. राज्यशास्त्रात नापास.

होईन नाही तर काय? जो पेपर कोराच ठेवाचा, त्याचं पुस्तक कोण उघडते? अन् शिकवणारे गोपाळराव तर त्याले वर्गातून उठवून प्रॅक्टिसले धाडत. माह्यं टाळकंच सरकलं. पण खरी गंमत पुढंच झाली. कॉलेजात गेलो तर सारे त्याच्या पाठीवर थाप मारून राहिले, वा, यंदाही थांबला! तो म्हणे, सर, मी खरंच नापास झालो. गोपाळरावांनी डोळा मिचकावला अन् म्हटलं, हो हो, असंच सांगाचं सगळ्यायले.

प्रताप नगरात गेलो तर गुरुजी दारातच उभे. गावभर झालेली गोष्ट त्यांच्या कानावर आमच्या आधी पोचली होती. चंद्रभान सांगून राहिला, मी लिहिला गुरुजी, सारा लिहिला. गुरुजींनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, "ढ जावई मले चालला असता. शब्द मोडणारा नाही चालत." आतून शामलाच्या रडण्याचा आवाज आला. दार लागलं. तेलही गेलं, तूपही गेलं. उन्हात आम्ही सायकली हातात धरूनच परत आलो.

मग काय, पुन्हा प्रवेश, पुन्हा खेळ. हिवाळ्यात ढाल आली. निवडणूक तोंडावर होती अन् चंपतरावांले तिकीट पाहिजे होतं, म्हणून यंदाचा मांडव दुप्पट. एवढा भराचा कसा? तर साऱ्या शाळायच्या मास्तर लोकायले हजेरीचा हुकूम. विश्वनाथ गुरुजी मागच्या रांगेत टोपी सावरत बसले होते.

चंपतरावांनी चंद्रभानले स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. मंत्र्याकडे पाहत सांगतलं, की या शेतकऱ्याच्या मुलानं संस्थेसाठी पदवीवर पाणी सोडलं, असा त्याग आजकाल दिसत नाही, अन् संस्था त्याले क्रीडाशिक्षकाची नोकरी देणार आहे. टाळ्या पडल्या. मग त्याच्यापुढं माईक धरला. त्यानं नुसते आभार मानले असते तर जन्माची सोय होती. मी खालून हातानं खुणावून राहिलो, आभार मान गा लेका, आभार मान! पण त्याची नजर मागच्या रांगेत.

"मी थांबलो नाही," तो माईकात म्हणाला. "मी सारा पेपर लिहिला होता. मले येतच नव्हतं."

चंपतराव पक्के राजकारणी. त्यायनं माईक काढून घेतला अन् म्हटलं, पाहा, किती हा विनय! मग अशा टाळ्या पडल्या की पहिल्या टाळ्या काहीच नव्हत्या. मंत्र्यानंही वाजवल्या. मले त्या साऱ्या मांडवाले चपलेनं हाणावंसं वाटलं. गुरुजी तेवढे हात मांडीवर ठेवून बसले होते. जाताना सायकल स्टँडपाशी आमच्याजवळ थांबले अन् म्हणाले, उद्या घरी ये.

दुसऱ्या दिवशी अंगणात गुरुजी खुर्चीवर, चंद्रभान समोर उभा, मी कुंपणापाशी, शामला दारात. गुरुजींनी विचारलं, काय लिहिलं होतं ते सांग. राज्यपालाचे अधिकार काय?

चंद्रभाननं हात मागं बांधले. "राज्यपाल सामन्याचं उद्घाटन करतात. खेळाडूंशी हात मिळवतात. ढाल देतात. बाकी अधिकार अध्यक्षांकडे राहतात."

"अन् मंत्रिमंडळ कोणाले जबाबदार असते?"

"अध्यक्षांनाच."

"कोणत्या अध्यक्षांना?"

"संस्थेच्या."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. चंद्रभाननं साऱ्यायची उत्तरं दिली, न अडखळता, अन् एकही बरोबर नाही. शामलानं तोंडाले पदर लावला होता. हसून राहिली का रडून, समजेना. गुरुजींनी जन्मभर पोट्ट्यायचे पेपर तपासले होते. असली उत्तरं कोणाले रचता येत नाहीत, एवढं त्यायले कळत होतं.

"चहा ठेव वं शामला," ते म्हणाले. "पोरगा खोटा नाही. खराच नापास आहे."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. चंपतरावांले तिकीट मिळालं अन् क्रीडाशिक्षकाची जागा त्यायच्या भाच्याले. चंद्रभान कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात लागला. आता तिथल्या कॉलनीत राहते, संध्याकाळी राखेनं भरलेल्या मैदानावर पोट्ट्यायले खेळ शिकवते. तिथंही ती कथा पोचलीच आहे. कोणी नवीन माणूस घरी आला की हटकून म्हणते, साहेब, कॉलेजसाठी तुम्ही पदवी सोडली म्हणतात.

चंद्रभान त्याच्याकडे खुर्ची सरकवते. शामला आतून येते, चहाचा कप ठेवते अन् ठसक्यात सांगते, "सोडली-बिडली काही नाही त्यायनं. पेपर लिहिला, अन् नापास झाले. माह्या बाबायनं तपासून घेतलं आहे."