फिल्मवरची रेघ

दुकानात कुणी आलं की आबा ‘या’ म्हणत नसत. ‘काय बिघडवून आणलंस?’ असं विचारत. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं हौसेनं जुन्या कॅमेऱ्यात फिल्म घालून फोटो काढत आणि शिव्या खायला आबांकडंच येत, कारण आसपास दुसरं कुणी फिल्म धूतच नव्हतं. हे आबांना चांगलं ठाऊक होतं.

मी सातवीत शाळा सोडलेली, परभणीकडची. नवऱ्याचं उरवड्यातलं काम सुटलं तेव्हा आबांनी मला ठेवून घेतलं. ‘शिकवलंय तेवढंच करायचं. डोकं चालवायचं न्हाई,’ असं पहिल्याच दिवशी बजावलं. फिल्म धुतली की ओली असतानाच दोन बोटांत धरून वरून खाली पाणी निपटायचं, मग वाळत घालायची. घाई असली की आबाही निपटायला उभे राहत.

त्यांच्या खाचरातली भातकापणी उरकली आणि फिल्मवर रेघा यायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक ओरखडा. एका मुलीनं फिल्म काउंटरवर आपटली. ‘माझ्या आजीचे शेवटचे फोटो होते हे! तुमच्या या बाईला काही येतं तरी का?’

‘तुझ्याच कॅमेऱ्यात माती असंल,’ आबा खेकसले. ती गेल्यावर माझ्याकडं वळले. ‘बांगड्या काढ.’

‘आबा, नवरा जिवंत आहे माझा.’

‘मग गावाला जाऊन वाजीव.’

गावाला जायची वेळ आली असती तर आम्ही दोघं खाणार काय होतो? मी बांगड्या वर सारून चिंधीनं आवळल्या, नखं मुळापासून कापली. रेघा थांबेनात. शेवटी आबांनी कोऱ्या फिल्मचे दोन तुकडे भिजवले. ‘एक तू निपट, एक मी. आज तुझी चोरी धरतो.’

दिव्यासमोर धरले. माझा तुकडा स्वच्छ. त्यांच्या तुकड्यावर रेघ. आबांनी आपलं बोट उजेडात नेलं. विळा चालवून कातडी तडकली होती, भेगेची कड काचेसारखी टणक. बोटाकडं बघून त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली.

आजीच्या फोटोंवाली ती मुलगी परत आली. आबा माझं नाव घेणार, अशी माझी खात्रीच होती. कुणाला कळलं असतं?

‘रेघ माझ्या बोटाची हाय. हिला बोललीस ते माघारी घे.’

‘आणि माझे फोटो?’

‘ते गेले.’

तिनं काही माघारी घेतलं नाही. उलट मोबाइलवर दुकानाबद्दल सगळीकडं लिहिलं आणि पोरं यायची थांबली. ती येऊन गेली त्याच संध्याकाळी दार लोटताना आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘ती चिंधी सोड. वाजू दे.’ माफी म्हणून तेवढंच. ओल्या फिल्मला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आता आबा नाहीत. त्यांच्या मुलांनी दुकानाची जागा विकली. मी महाळुंग्यात एका बाईंकडं फिल्म धुते. परवा एका फिल्मवर रेघ आली. बाईंनी आधी माझ्या मनगटांकडं पाहिलं.

मी म्हटलं, ‘बाई, कोऱ्या फिल्मचे दोन तुकडे द्या. एक तुमी निपटा.’