रॉसिलीच्या कड्यावरचा माणूस

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीही नव्हता. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट — हे मी मुद्दाम सांगते. पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा...

इंदूरच्या कापड मिल्स एकेक करून बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. बाबा लूमवर होते. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातांच्या खुणांनी बोलायचे. पुढे बाबांचे कानच गेले आणि जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांतही तेच सुरू झालं. मिल बंद झाली तरी बाबा रोज गेटवर जाऊन बसायचे. एकदा मी खूण केली — आता नाही उघडणार. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनात. तोंडानं नाही, हातानंही नाही. मी नोकरीला होते त्या कंपनीनं मला ट्रेनिंगला वेल्समधल्या स्वॉन्सीला पाठवलं, तेव्हा निरोप द्यायलासुद्धा बाहेर आले नाहीत.

स्वॉन्सीत रविवारी बोलायला कोणीच नसायचं. मग एकटीच बस पकडून आसपासचे समुद्रकिनारे बघत हिंडायची. त्या रविवारी रॉसिलीला गेले. लांबच लांब रिकामी वाळू, थंड वारा... ओहोटी असली की टोकाच्या बेटापर्यंत खडकांतून चालत जाता येतं. मी निघाले. अर्ध्यावर सहज मागे पाहिलं, तर कड्यावर एक माणूस. एका हाताची कड दुसऱ्या मनगटावर कापल्यासारखी मारत होता. मिलमधली खूण — धागा तुटला, लूम थांबव. मग — मागे ये. पुन्हा, पुन्हा तेच.

मी मागे फिरले. वर पोचले तर कुत्रं घेऊन बसलेली एक म्हातारी तेवढी होती. म्हणाली, "बरं केलंस. पाणी चढतंय, आता वाट बुडेल."

मी त्या माणसाबद्दल विचारलं.

"माणूस? मी तासभर इथेच आहे. हातवारे तर तूच करत होतीस."

मला आठवत नाही.

इंदूरला शेजाऱ्यांच्या फोनवर आईला गाठलं. "अगं, हे आज गेटवर गेलेच नाहीत. ओट्यावर बसून नुसते हात हलवत होते. मी खुणेनं विचारलं, क्या हुआ? तर म्हणाले, पोरगी ऐकत नाहीये."

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. इंदूरला परतल्यावर बाबांसमोर बसले, खुणेनं विचारलं — तुम्ही मला बोलावलंत?

त्यांनी हात उचलले — "मी तुझ्याशी बोलत नव्हतो ना? मग कशाला बोलावू?"

आणि लगेच दुसरी खूण — "जेवलीस?"