मावशीने मैदानावर आखलेला नकाशा

तुमच्या दारासमोर उद्या काय उभं राहणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? माझ्या मावशीला ठाऊक आहे! कराड आणि सांगलीच्या मधल्या आमच्या लहानशा गावात नगरपालिकेचा प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती एकटीच. शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती निवृत्त झाली, गळ्यातली शिट्टी झाली नाही. वॉर्डसभेत कुणी विषय सोडला की शिट्टी वाजते. एकदा नगराध्यक्षच भाषणात रंगले, तर लागोपाठ दोन वाजल्या आणि ते चक्क खाली बसले! लग्नाला गेली तरी पंगतीआधी ती मांडवामागचं गटार बघून येते.

यंदा गावाचा विकास आराखडा लागला. हरकतींना मोजकेच दिवस, आणि नकाशा टांगला पालिकेच्या जिन्याखाली, अंधारात. याला म्हणे लोकसहभाग! पोरींच्या खो-खोच्या मैदानावर दुकानांची इमारत दाखवली होती, तरी कुणी फिरकेना. मावशीने मैदान आखायच्या फक्कीची पिशवी उचलली आणि ती अख्खी इमारत खऱ्या मापात मैदानावर आखून टाकली. पांढऱ्या रेघा बघून लोकांना वाटलं, कबड्डीचे सामने आहेत. संध्याकाळी निम्मं गाव बसकरं घेऊन हजर!

"आवं बाई, सामना कवा?" वडापच्या जीपवाल्याने विचारलं.

"सुरू झालाय. तू उभा हायस न्हवं, त्यो दुकानांचा जिना."

"आन् पोरींनी खेळायचं कुठं?"

"त्येच लिहून दे की रं!"

पोरींच्या पाठीवर कागद ठेवून लोकांनी भराभर हरकती लिहिल्या. तेवढ्यात एकजण खवचटपणे म्हणाला, "मग दुकानं काय तुमच्या वट्ट्यावर बांधायची व्हय?"

मावशी तडक घरी गेली, लोक मागोमाग, आणि तिने फक्कीची रेघ स्वतःच्या ओट्यावरून ओढली. "व्हय. रस्त्याकडंनं एका वळीत बसत्यात." सही करून तीच सूचना तिने पालिकेत दिली.

त्या ओट्यावर काका होते तोवर दोघं रोज चहा प्यायची. हरकतींची सुनावणी अजून व्हायची आहे. मावशी अजून तिथेच एकटी चहा पिते आणि रेघ पुसट झाली की दुखरे गुडघे धरून पुन्हा ओढते.

तुमच्याही गावात असा एखादा नकाशा जिन्याखाली टांगलेला असेल. उद्याच जा, नीट बघा, आणि मुदत संपण्याआधी एक ओळ तरी लिहून द्या.