गुलाबाच्या डोळ्याला जेल: शिरूर, निमोणे, केडगाव

"या खेपेला शेतात चिकटलं नाही, तर विषय बदल," असं माझ्या पीएच.डी.च्या गाईडने सोमवारी बजावलं आणि मंगळवारी सकाळी मी शिवाजीनगरहून शिरूरची एसटी धरली. पिशवीत कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या, आत दोन वर्षांची मेहनत: पाण्याने भरलेलं हायड्रोजेल. उजेड पडला की त्यातले धागे एकमेकांत गुंततात. मग ते ओल्या सालीलाही धरून बसतं आणि ताणलं तरी तुटत नाही. गुलाबाचा डोळा भरताना, म्हणजे जंगली खुंटाच्या सालीत चांगल्या जातीची कळी बसवताना, प्लास्टिकच्या पट्टीऐवजी ते वापरायचं, एवढंच माझं म्हणणं.

शिरूरला मिसळ खा, पण ताक सोबत घ्याच. पुढे निमोण्यापर्यंत वडाप, म्हणजे खच्चून भरलेली जीप, दहा रुपये. गुडघे छातीशी घेऊन बसायची तयारी ठेवा.

निमोण्याच्या गुलाबाच्या नर्सरीत उस्मानमामा वाट पाहत होते. डोळे भरण्यात तालुक्यात त्यांचं नाव आहे. मामांनी खुंटाच्या सालीत डोळा बसवला, मी भोवती जेल लावलं आणि मिनिटभर थांबले. डोळा घसरून खाली! दुसरा, तिसरा, तेच. प्रयोगशाळेत ओढूनही न सुटणारं जेल इथे पातळच राहत होतं.

मग माझी ट्यूब पेटली. मामा उन्हाकडे पाठ करून, कापावर स्वतःची सावली धरून बसले होते.

"मामा, पलीकडून बसा ना. याला ऊन लागतं."

"याड लागलं का ताई? उन्हात डोळा वाळतोय. चाळीस वरसं असाच बसतोय मी."

"जेलमध्ये पाणीच आहे, वाळू देणार नाही."

"आन् मेला तर नाव माझं जाईल, तुमचं न्हाई."

खरंच होतं ते. मामांनी बराच वेळ चाकू पुसला, मग उठून पलीकडे जाऊन बसले. "पाच रोपं. त्याच्याम्होरं न्हाई."

पाचही डोळे पक्के बसले. मामांनी नखाने उचकटून पाहिलं, एकही हलेना. मी चक्क उडी मारली!

परतताना न्हावऱ्यावरून चौफुला आणि केडगाव स्टेशन गाठा. दुपारच्या पॅसेंजरला आरामात जागा मिळते.

तीन आठवड्यांनी मामांचा फोन आला. "चार फुटलं, एक गेलं."

"आता उन्हाकडे तोंड करून बसता ना?"

"छ्या! पाठ करूनच. हात तसाच चालतो माझा."

हसू आलं आणि ओशाळलेही. ज्या सावलीने इतके डोळे जगवले, ती मोडायला मी निघाले होते. विषय तोच राहिला, गाईडही खूश आहेत. पण आता मी सावलीतल्या उजेडात घट्ट होणारं जेल बनवतेय. उस्मानमामांना जागचं उठवायचं नाही, हे आधी ठरवलं आणि मगच नव्या वहीत पहिलं सूत्र लिहिलं.