उदगीरकर वकिलांचा राजीनामा

काचीगुड्यात उदगीरकर वकिलांचं घर विचारलं, तर लोक उलट विचारतात, "कोर्टवाले की खो-खोवाले?" माणूस एकच. चार वाजता कोर्टातून सुटायचं, काळा कोट स्कूटरच्या डिकीत कोंबायचा आणि मैदान गाठायचं, हे प्रतापराव बावीस वर्षं करतायत. आमच्या खो-खो संघाचे ते मानद सचिव. मानद म्हणजे काय, तर खेळाडूंच्या वयाचे दाखले तपासायचे, रेल्वेची तिकिटं काढायची आणि अंपायरच्या अंगावर धावून गेलेल्या पालकांना बाजूला नेऊन चहा पाजायचा.

आता गुडघे वाजतात. सुमनवहिनी म्हणतात, "यांचे पक्षकार परवडले. खटला संपला की घरी तरी जातात."

राजीनामा ते सहा वर्षांपासून देतायत. अडचण एवढीच, की संघाची घटना त्यांनीच लिहिलीय. पूर्वी एका गृहस्थाने चार दोस्त जमवून अख्खी कमिटी बदलली होती. त्या रागात वकिलांनी अशी कडेकोट कलमं घातली, की मुंगी शिरू नये. सचिवाचा राजीनामा सर्वसाधारण सभेनेच मंजूर करायचा. सभेला एकवीस सभासद हजर हवेत. राजीनामा देणाऱ्याला त्यात धरायचं नाही. इतर संस्थांत माणसं कमी पडली, तर अर्धा तास थांबून सभा उरकतात. ती सोय वकिलांनी मसुद्यातून स्वतःच्या हाताने खोडली होती. आणि आमचे सभासद असे, की सामन्याला शंभर, सभेला नऊ.

यंदा मात्र त्यांनी प्रत्येकाला दोन-दोनदा फोन केले. रविवारी सकाळी सुलतान बाजारातल्या ऑफिसात गरम मिरची-भजी ठेवली. मी दारात सह्या घ्यायला, पहिली सही माझीच. साडेदहापर्यंत अठरा झाले. गौलीगुड्याहून दोघं आले, वीस. वकील खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाकडे आशेने बघत होते. बारा वाजले. भजी संपली.

"वीस आम्ही आणि तुम्ही एक. झाले की एकवीस!" आमचे कोच बबलू म्हणाले. वय चौपन्न, पण मैदानावर पडलेलं नाव सुटत नाही. "बस, हौ म्हणा वकीलसाब, आणि मोकळे व्हा."

"नक्को रे. मला धरता येत नाही. कलम चौदा."

"पण आक्षेप कोण घेणार? सगळे आपलेच तर आहेत."

"मी घेईन ना."

"स्वतःच्याच सुटकेवर?"

"आज मी मला मोजलं, तर उद्या कुणीतरी चौघांचे एकवीस करील. मग धावत कुणाकडे येशील?"

येणार कुणाकडे, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

वकील खुर्चीत बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच. इतिवृत्ताची वही ओढून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पुरेशा संख्येअभावी सभा तहकूब.' खाली सही, मानद सचिव. पेनाला टोपण लावताना एक लांब सुस्कारा निघाला.

"संध्याकाळी मुलींचा सराव आहे ना? एक खांब डुगडुगतोय," ते म्हणाले.

"तुम्ही घरी जा. मी बघतो," बबलू म्हणाले.

"मागे तू बघितलास, तेव्हाच तो तिरका बसला."

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, तोच फोन वाजला. सुमनवहिनींचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "काय हो, सुटलात का?"

वकिलांनी आमच्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"तारीख पडली," ते म्हणाले.