दिनविशेषात माझं नाव

"पूस ते," बाई म्हणाल्या. "फडकं नको. ज्या हातानं लिहिलंस, त्याच हातानं पूस."

मी पुसलं. सगळी शाळा प्रार्थनेला उभी होती. फळ्यावर सगळ्यात खाली माझंच नाव होतं, नुकतंच लिहिलेलं. तळहात पांढरा झाला. पोरी फिदीफिदी हसल्या.

नारायण पेठेतली मुलींची शाळा. दाराशी मोठा फळा. वर आजचा शब्द आणि त्याचा अर्थ. मध्ये सुविचार. खाली दिनविशेष, म्हणजे आजच्या तारखेला कोण थोर माणूस जन्मला. आणि शाळेची एक रीत होती. जिचा वाढदिवस, तिनं त्या दिवशी फळा लिहायचा, प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचायचा, आणि दिनविशेषाच्या शेवटी स्वतःचं नाव घालायचं. थोरांच्या पंगतीत. पोरी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायच्या. नवा फ्रॉक घालून, केसांत अबोली माळून यायच्या.

माझा वाढदिवस एक जून. ऐन सुट्टीत. माझाच कशाला, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांचा एक जून. आम्ही बुरूड. कसब्यात सुपं, टोपल्या विणणारे. आई मला शाळेत घालायला गेली तेव्हा तिनं सांगितलं होतं, पोरगी भोगीला झाली. कारकुनानं मान वर केली नाही. एक जून ठोकून दिलं. आमच्यासारख्यांना तीच तारीख द्यायची पद्धत. भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, तेरा जानेवारी, एवढं काय त्याला कळत नव्हतं? पण डोकं कोण चालवणार आमच्यासाठी.

सातवीत असताना मी आईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "भोगीच्या भाकरी थापत होते. कळा सुरू झाल्या. तीळ लावलेली भाकरी तव्यावर करपली. तुझ्या बापानं तीच खाल्ली आणि सुईणीला आणायला पळाला."

एवढं धडधडीत आपल्या जन्माचं दुसऱ्या कुठल्या पोरीला माहीत होतं, सांगा.

भोगीच्या आदल्या दिवशी मी बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, माझा खरा वाढदिवस उद्या आहे, फळा मी लिहू का? त्या म्हणाल्या, "बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे नाही. पेठेतल्या पोरींना हे बाळकडूबरोबर मिळालेलं असतं. मला वाटलं, हो म्हणाल्या.

सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. बाईंनी काढून ठेवलेली चिठ्ठी टेबलावर होती. शब्द, सुविचार, दिनविशेष, सगळं जसंच्या तसं उतरवलं. त्या दिवशी कोण कोण थोर जन्मले होते ते आज आठवत नाही. शेवटी माझं नाव लिहिलं. लांब जाऊन बघितलं. बरं दिसत होतं.

मग प्रार्थना झाली आणि बाई फळ्यापाशी आल्या.

"आपण कोण?" त्यांनी मला विचारलं. मला, सातवीतल्या पोरीला, आपण. "आज जन्म घेऊन आपण काय दिवे लावलेत?"

मी म्हटलं, "बाई, माझी आई म्हणाली, भोगीला..."

"दाखल्यावर एक जून आहे. आणि तुमच्यात कसली आलीय तारीख? तुमच्यात सुपं विणता विणता पोरं होतात."

नाव पुसलं त्याचं दुःख उतरलं असतं. हे वाक्य उतरलं नाही. ते माझ्या आईबद्दल होतं. घरी जाऊन मी आईला काहीच सांगितलं नाही. ती बांबूच्या कामट्या सोलत बसली होती. भोगीची भाजी काढून ठेवली होती माझ्यासाठी. मी गुमान जेवले.

पुढं शिकले, टेलिफोन खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, वारज्यात फ्लॅट घेतला. आई गेली. आणि तीन मजले वर, आपल्या लेकाकडे, त्याच बाई राहायला आल्या.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी त्यांचा मेसेज पडतो. आजचा शब्द. आजचा सुविचार. आजचे दिनविशेष. खाली चाळीस जण हात जोडतात. परवा 'क्षमा' होता शब्द. मी चहा ओतून दिला बेसिनमध्ये.

आता बाईंचं सहस्रचंद्रदर्शन. सोसायटीनं उद्या सत्कार ठरवलाय. सेक्रेटरी मला म्हणाले, "अहो ताई, तुम्ही बाईंच्या शाळेतल्या ना? विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला की." मी म्हटलं, बोलते.

आज संध्याकाळी बेल वाजली. दारात बाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नारळाच्या वड्यांचा डबा.

"तुम्ही कसब्यातल्या त्याच ना?" बाई म्हणाल्या. "फळ्याच्या?"

म्हणजे आठवत होतं. इतकी वर्षं लिफ्टमध्ये 'बरं आहे ना?' विचारत होत्या, आणि आठवत होतं.

"हो. त्याच."

"तेव्हाचा काळ वेगळा होता हो."

"काळानं मला हातानं पुसायला नव्हतं सांगितलं. तुम्ही सांगितलं."

त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"मी माफी मागते," त्या म्हणाल्या. "इथंच मागते. पण उद्या चारचौघांत ते नको. नातवंडं असतील माझी."

"मीही कुणाचं तरी लेकरूच होते, बाई. आणि तेव्हा सगळी शाळा होती."

डबा मी घेतला नाही. त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, कारण चालणं त्यांना जड जातं. तेवढी माणुसकी मला आईनं शिकवली आहे. बाकीची शिकवलेली नाही.

उद्या मी बोलणार. आधी माझं नाव सांगणार, मग आईचं, मग आमची जात, आमची गल्ली. मग बाईंचं ते वाक्य. जसंच्या तसं, एक शब्द न गाळता, त्यांच्या नातवंडांकडे बघत. कुणी म्हणेल, म्हातारीच्या आनंदात विरजण घातलं. म्हणू दे. ग्रुपमधून काढतील. काढू देत.

माफी मागायची असेल तर बाईंनी तिथं, माईकवर मागावी. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. मागितली म्हणून देईनच, असं मात्र नाही.